रेडिएटरचा व्हॉल्व्ह ५ वर ठेवला तर खोली लवकर गरम होते का?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीतला पहिलाच हिवाळा आहे, हॉलचा रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारा) ३ वर असून खोली गारठलेली, बेडरूम मात्र भट्टी, आणि ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, ‘सरळ ५ वर टाक, लवकर तापतं.’ तुमच्या ऑफिसातल्या त्या माणसाला मी ओळखत नाही, पण तसाच एक माणूस माझ्या घरात आहे. लग्नाला बारा वर्षं झाली.

नाही तापत लवकर. रेडिएटरचा व्हॉल्व्ह म्हणजे नळ नाहीये. पुण्यात उन्हातून घरी आल्यावर एसी १६ वर टाकून ‘आता पटकन गार होईल’ म्हणणारे असतात ना, तीच ही जमात. आकडा सांगतो खोली कुठपर्यंत तापवायची ते. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढेमागे दर आकड्याला चारेक अंश, म्हणजे ५ ला २८. चांदणीसारखं चिन्ह असतं ते ६ अंशांच्या आसपास, पाइप गोठू नयेत एवढ्यापुरतं. व्हॉल्व्हच्या डोक्यात मेण नाहीतर द्रव भरलेली डबी असते. खोली तापली की ते फुगतं, खालची बारीक पिन दाबतं, गरम पाणी अडतं. खोली गार झाली की आक्रसतं आणि स्प्रिंग पिन पुन्हा बाहेर ढकलते. ना वीज, ना बॅटरी. डॅनफॉस या डॅनिश कंपनीच्या माड्स क्लाउसेनने १९४३ साली ही युक्ती काढली आणि माझ्या मते इतकी निमूट काम करणारी वस्तू घरात दुसरी नसते. गार खोलीत ती ३ वरही उघडीच असते. ५ वर आणखी काय उघडणार?

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, मी मेकॅनिकलचा आहे.” मी मराठी घेऊन बीए. विषय संपला.

२०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट. मुलगी दोन महिन्यांची, बाळंतपणासाठी सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. उबेला बसता यावं म्हणून त्यांनी सोफा रेडिएटरला टेकवून घेतला. खिडकीतून गार लागतं म्हणून जाड पडदा पार जमिनीपर्यंत सोडला. वर खिडकीच्या कट्ट्यावर दह्याचं विरजण. दही मात्र झकास लागायचं, ते नाकारत नाही. आणि खोली? सतरा अंशांच्या वर जाईना. नवऱ्याने ५ वर फिरवलं, खोली जरा तापली, आणि त्याचा सिद्धांत सिद्ध झाला. मग बेडरूम ५, त्याची कामाची खोली ५, बाथरूमही ५. रात्री उकडायला लागलं की हा बनियनवर बसून खिडकी तिरपी उघडायचा. बाहेर उणे चार. गार हवा थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर, म्हणजे त्या बिचाऱ्याला वाटणार खोली गोठली, आणि तो पाणी पूर्ण सोडणार. रात्रभर!

पुढच्या वर्षी हीटिंगच्या खर्चाचा हिशेब आला. भरलेल्या हप्त्यांच्या वर ४३० युरो. नवरा म्हणाला, गॅस महागला असेल.

मग मी एक साधं थर्मामीटर आणलं. पडदा वर गुंडाळला, सोफा हातभर पुढे ओढला. लागोपाठ दोन सकाळी, बाहेर जवळजवळ सारखीच थंडी, खिडकी उघडून खोली १६ वर आणली आणि घड्याळ लावलं. पहिल्या दिवशी ३ वर ठेवून १९ अंशांना पोचायला अठ्ठेचाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी ५ वर, सत्तेचाळीस. वहीत लिहून ठेवलंय, वही अजून आहे. फरक पुढे दिसला. पहिल्या दिवशी ती विसाला थांबली, दुसऱ्या दिवशी पंचवीस झाले तरी चढतच होती.

तर तुमचा हॉल. आधी व्हॉल्व्हसमोर काय आहे ते बघा. पडदा, सोफा, वर वाळत घातलेले कपडे. त्यांच्यामागे कोंडलेल्या गरम हवेने डोकं फसतं आणि खोली गार असतानाच पाणी बंद करतं. आमचा सगळा घोळ तोच होता. समोर काही नसेल आणि रेडिएटर साफ गार असेल तर पिन अडकली असणार. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद ठेवला की पिन आत दाबलेलीच राहते आणि तिथेच चिकटते. डोकं काढून पिन एखाद्या चपट्या वस्तूने हळूच दाबायची. मोकळी असेल तर लगेच वर उसळते. पकडीत धरून ओढायची नाही, पाणी अंगावर येईल. भाड्याचं घर आहे, तेव्हा सरळ हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला, बोलवा. पिन चिकटू नये म्हणून उन्हाळ्यात सगळे व्हॉल्व्ह ५ वर सोडायचे असतात. त्या आकड्याचा मला पटलेला हा एकच उपयोग.

वरचा भाग गार आणि आत गुडगुड आवाज येत असेल तर हवा अडकलीय, रेडिएटरच्या छोट्या किल्लीने काढता येते. वर गरम, खाली गार असेल तर बहुधा काही बिघडलेलं नाही. व्हॉल्व्ह अर्धा मिटलाय एवढंच. रात्री सगळेच गार पडत असतील तर तळघरातला बॉयलर रात्रीपुरता मंदावतो, त्यावर उगीच फोन करू नका.

बेडरूम भट्टी आणि हॉल गार याला आणखी एक कारण असू शकतं, इमारतीत पाण्याची वाटणीच नीट नसणं. बॉयलरजवळच्या रेडिएटरना भरपूर, शेवटच्यांना उरलंसुरलं. ती वाटणी लावून घेणं घरमालकाचं काम. गॅसवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींना सप्टेंबर २०२३ पर्यंत ते सक्तीचं केलं होतं. लेखी विचारा. तोंडी विचारलं की ‘तुम्ही गरम देशातले, तुम्हाला जास्त वाजते’ असं ऐकायला मिळतं. मला मिळालंय.

हे सगळं वाचून घरातले सगळे व्हॉल्व्ह बंद करत सुटू नका. हिशेबातला ५० ते ७० टक्के भागच वापरावर असतो, बाकीचा घराच्या क्षेत्रफळावर, तो चुकत नाही. शिवाय बेडरूम गार ठेवून हॉलची ऊब दार उघडून तिकडे सोडली की कपाटामागे बुरशी धरते. खिडकी दिवसातून दोनतीनदा पाचदहा मिनिटं सताड उघडायची, तेवढ्या वेळापुरता व्हॉल्व्ह चांदणीवर.

आता एक गोष्ट, नवऱ्याने हे वाचलं तर लपवली म्हणेल म्हणून. ठरलेला आकडा जवळ आला की व्हॉल्व्ह हळूहळू मिटायला लागतो, त्यामुळे १९ ते २० हा शेवटचा अंश ३ वर खरंच रेंगाळतो. तेवढ्यापुरतं ५ वर लवकर होतं. हे त्याला कळलं त्या दिवशी त्याने साताऱ्याला फोन करून आईला सांगितलं.

सध्या हॉल ३, बेडरूम अडीच. त्याच्या कामाच्या खोलीत काय आकडा आहे ते मी बघत नाही. प्रत्येक रेडिएटरवर मोजणीची छोटी डबी आहे, आणि कुठल्या खोलीने किती खाल्लं ते हिशेबात ओळीने छापून येतं. तेवढी ओळ मी पिवळ्या पेनने रंगवते आणि कागद फ्रिजवर लावते.