काचेवर चोच आपटणारा दयाळ, चंद्राचं खळं आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरामागे जेवढी काय मोकळी जागा आहे तिथे जे दिसतं ते लिहून पाठवा, पक्षी असो नाहीतर पाऊस. पत्रं आली, त्यात कौतुक कमी आणि प्रश्न जास्त, ते एका अर्थी बरंच झालं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत उरकलीत, जसा प्रश्न तसं उत्तर.

प्रश्न: ताई, मागच्या खिडकीवर एक काळापांढरा पक्षी रोज पहाटे येतो आणि काचेवर चोच आपटत बसतो. आई म्हणते हे अशुभ, मला वाटतं त्याला आत यायचंय. पडदा लावून बघितला तर अजूनच चेकाळला! काय करू?

उत्तर: अशुभ काही नाही आणि त्याला आतही यायचं नाहीये, आईंना आधी हे सांगा. शेपटी उभी ठेवतो आणि पंखावर पांढरा पट्टा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हा नर दयाळ. विणीच्या हंगामात नर आपला इलाखा ठरवतो आणि दुसरा नर दिसला की त्याला हुसकावतो. आता काचेत त्याला दुसरा नर दिसतोय. खरा प्रतिस्पर्धी असता तर दोन झटापटीत कोणीतरी एक पळाला असता, पण हा काचेतला गडी पळतच नाही, उलट आपण चोच मारली की तोही मारतो, मग भांडण संपणार कसं?

पहाटेच का, तर तेव्हा बाहेर उजेड आणि खोलीत अंधार असतो, अशा वेळी काचेचा आरसा होतो. तुम्ही आतून गडद पडदा लावलात म्हणजे आरसा अजून पक्का केलात, म्हणून तो चेकाळला. उपाय काचेच्या बाहेरच्या बाजूने करायचा. जिथे तो बसतो तेवढ्या भागावर बाहेरून जुना पेपर चिकटवा किंवा साबणाचं घट्ट पाणी फासून वाळू द्या, काच धूसर झाली की प्रतिस्पर्धी गायब. गाडीच्या आरशाशी भांडणारे बुलबुल, धोबी, शिंजीर हे सगळे याच कारणाने भांडतात, तिथे आरशावर पिशवी चढवली की झालं. हंगाम सरला की तो आपोआप थांबेल, पण कधी सुरू केलं आणि कधी थांबला या दोन तारखा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी बघायला मजा येते.

एक मात्र वेगळं धरा. भांडणारा पक्षी आणि काचेवर वेगाने येऊन धडकणारा पक्षी, हे दोन वेगळे प्रकार. धडकणाऱ्याला काचेत झाड किंवा आभाळ दिसतं आणि तो सरळ त्यात घुसायला जातो, त्यात पक्षी मरतातही. अशा काचेवर बाहेरून ठिपके किंवा पट्ट्या लावायच्या, साधारण ५-५ सेंटिमीटर अंतराने. एकच मोठं स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. धडकून खाली पडलेला पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, अंधार आणि शांतता द्या, चोचीत पाणी घालू नका. तास दीड तासाने बाहेर नेऊन खोकं उघडा, नुसती गुंगी असेल तर उडून जाईल. नाही उडाला तर मात्र पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्या.

प्रश्न: मोबाइल ३६ दाखवतो, माझा मागच्या भिंतीवरचा थर्मामीटर ४४. कोण खोटं बोलतंय?

उत्तर: खोटं कोणीच नाही. तुमचा थर्मामीटर भिंतीचं आणि स्वतःचं तापमान सांगतोय, हवेचं नाही. ऊन थेट पडलं की थर्मामीटर स्वतःच तापतो, त्यात भिंत दिवसभर उष्णता साठवून ठेवते आणि संध्याकाळी उशिरापर्यंत सोडत राहते. हवेचं तापमान मोजायचं तर सावली हवी, चहूबाजूंनी वारा खेळायला हवा आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची हवी. वेधशाळेत खांबावर पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते ती यासाठीच, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती ज्याने बनवली तो थॉमस स्टीव्हन्सन मुळात दीपगृहं बांधणारा इंजिनिअर होता. एवढी पेटी नको असेल तर झाडाच्या दाट सावलीत, खोडापासून लांब, टांगून बघा.

आणि मोबाइल म्हणतो तेच तुमच्या बागेत असेल असंही नाही. शांत, निरभ्र रात्री थर्मामीटर गवतावर ठेवून पहाटे बघा आणि वर टांगलेला बघा, गवतावरचा चांगलाच खाली असतो, कारण जमीन रात्रभर आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडते. उघड्यावरचं गवत दवाने ओलं आणि झाडाखालचं कोरडं असं दिसतं ना, ते पण त्यामुळेच. झाडाखालच्या गवतावर पानांचं पांघरूण असतं, त्याची उष्णता तेवढी जात नाही.

प्रश्न: लिंबाच्या रोपावर पक्ष्याची विष्ठा पडलीय म्हणून पुसायला गेले तर ती हलली!! आता हिरव्या जाड अळ्या झाल्यात आणि पानं संपत आलीत. औषध मारू का?

उत्तर: मारू नका, निदान आधी पूर्ण वाचा. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग अशी दिसते, बघणाऱ्याला विष्ठाच वाटते आणि पक्षी विष्ठा खायला जात नाहीत. मग कात टाकत टाकत शेवटच्या अवस्थेत एकदम हिरवी होते, कारण एवढी मोठी विष्ठा कोणाला खरी वाटणार! आता एक करा, गवताच्या काडीने तिला डोक्यामागे हलकंच टोचा. डोक्याच्या मागून लालसर केशरी दोन शिंगं सर्रकन बाहेर येतील आणि उग्र वास येईल, मुंग्या आणि छोटे शत्रू पळवायची तिची ही युक्ती. क्षणभरात शिंगं आत. रोज टोचू नका मात्र, एकदा बघितलं पुरे.

रोप अगदी लहान असेल तर दोन-तीन अळ्या ठेवा आणि बाकीच्या दुसऱ्या लिंबूवर्गीय झाडावर सोडा, दुसऱ्या कुठल्याही झाडाची पानं त्या खाणार नाहीत. मोठं झाड असेल तर काहीच करू नका, ते परत फुटतं. आठवडाभरात अळी खाणं सोडून इकडेतिकडे फिरायला लागेल, मग एखाद्या काडीला रेशमाचा पट्टा कमरेभोवती बांधून कोष करेल. हिरव्या पानांत केला तर बहुतेक कोष हिरवा, सुक्या काडीवर केला तर बहुतेक तपकिरी. बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतली पंखांची नक्षी दिसायला लागते, मग सकाळी लवकर उठा. बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, शरीरातला द्रव त्यात भरून ते पसरतात आणि वाळेपर्यंत ते नुसतं लटकून राहतं, तेव्हा हात लावायचा नाही. कधी कधी कोषाला बारीक भोक पडतं आणि फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर पडतात, वाईट वाटतं खरं, पण सगळ्याच अळ्या जगल्या असत्या तर तुमचं लिंबू केव्हाच संपलं असतं.

हे सगळं बिनकेसांच्या अळ्यांबद्दल. केसाळ सुरवंटाला हात लावू नका, खाज सुटते.

प्रश्न: मुंग्या अंडी तोंडात धरून वर न्यायला लागल्या की पाऊस येतो, हे खरं का? आमच्याकडे घरात यावरून वाद आहे.

उत्तर: आधी ती अंडी नसतातच बहुतेक. तांदळासारखं पांढरं जे मुंगी धरून नेते ते अळी नाहीतर कोष असतो, अंडं खूप बारीक असतं, भिंग लागेल. आता पाऊस. वारूळ ओलं झालं, तापलं, कोणी उकरलं, यातल्या कशानेही मुंग्या पिल्लं हलवतात, पाऊस हे एकमेव कारण नाही. पण आपण लक्षात काय ठेवतो? मुंग्या दिसल्या आणि पाऊस आला ते. मुंग्या दिसल्या आणि कडक ऊन पडलं ते विसरतो, मुंग्या दिसल्याच नाहीत आणि धो धो आला ते तर मोजतच नाही. त्यामुळे वाद मिटवायचा तर वहीत चार रकाने पाडा, मुंग्या होत्या-नव्हत्या, पाऊस आला-नाही, आणि एक सीझन प्रामाणिकपणे भरा. निकाल काय लागतो तो आम्हालाही कळवा.

पावसाशी किड्यांचा पक्का संबंध बघायचा असेल तर तो पाऊस पडून गेल्यावर बघा. पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून पंखवाल्या वाळव्यांची जी झुंबड निघते ती. त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, पंखवाल्या मुंगीचे पुढचे दोन लांब आणि कंबर बारीक, यावरून दोघी वेगळ्या ओळखता येतात. थोडा उजेड असेल तर कोतवाल पक्षी हवेतल्या हवेत त्यांना टिपताना दिसेल, तो बघण्यासाठी स्वयंपाक राहिला तरी चालेल. अंधार पडला की मात्र बाहेरचा दिवा बंद करा, नाहीतर सगळी झुंबड घरात.

रातकिड्यांचं मात्र खरं आहे बरं का. गारठ्यात ते हळू आणि उकाड्यात भरभर किरकिरतात, अमोस डोलबेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. आपल्या बागेतल्या किड्याला तेच आकडे लागू पडतील असं नाही, पण एकाच किड्याचा आवाज १५ सेकंद मोजून शेजारी थर्मामीटरचा आकडा लिहीत गेलात तर तुमचं स्वतःचं सूत्र निघेल.

प्रश्न: चंद्राला खळं पडलं की पाऊस?

उत्तर: कधी येतो, कधी नाही. खळं म्हणजे खूप उंचावरच्या विरळ ढगातल्या षटकोनी बर्फकणांतून वाकलेला प्रकाश. असा ढगांचा पडदा कधी पावसाळी हवेच्या पुढे चालत येतो, मग एक-दोन दिवसांत पाऊस, आणि कधी नुसताच येऊन विरून जातो. खरं खळं चंद्रापासून २२ अंशांवर असतं, हात लांब करून पंजा पूर्ण ताणा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जवळजवळ तेवढंच भरतं. चंद्राला चिकटून छोटं रंगीत वलय दिसलं तर ते खळं नाही, ते ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं.

प्रश्न: झाडाखाली पिल्लू पडलंय, हात लावला तर आई घेत नाही म्हणतात, म्हणून आम्ही नुसते बघत बसलोय.

उत्तर: बघत बसू नका. माणसाच्या वासाने पक्षी पिल्लू टाकून देत नाहीत, हा गैरसमज आहे. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर सरळ उचलून घरट्यात ठेवा. घरटंच पडलं असेल तर छोटी टोपली, तळाला भोकं आणि सुकं गवत, ती त्याच झाडाला बांधा आणि लांब जाऊन बसा. अंगभर पिसं आहेत, टुणटुण उड्या मारतंय, शेपटी आखूड आहे, असं असेल तर ते पडलेलं नाहीये, उडायला शिकतंय, आईबाप आसपास असतात. तेव्हा मांजराला घरात कोंडायचं आणि पिल्लू जवळच्या झुडपावर ठेवायचं, बास.

प्रश्न: पाऊस मोजायला विकतचंच यंत्र लागतं का?

उत्तर: नाही. सरळ उभ्या कडांचं कुठलंही भांडं आणि पट्टी. बाटली कापून करणार असाल तर बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, त्यात खडे टाकून आणि पाणी भरून सरळ भागापर्यंत या, तिथे शून्याची रेघ. भिंत किंवा झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब ठेवा, नाहीतर आडोशामुळे आकडा चुकतो, आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळीच बघा. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. म्हणजे २० मिलिमीटर पडला की १०० चौरस मीटरच्या छतावर २००० लिटर पडलं, आणि ते सगळं गटारात गेलं हेही तिथेच कळतं.

प्रश्न: पक्ष्यांसाठी पाणी ठेवलंय पण कोणी येत नाही.

उत्तर: खोल असणार. ३ ते ५ सेंटिमीटर पुरे, पसरट, खरखरीत, मध्ये एक दगड. जवळ झुडूप हवं पण इतकं जवळ नको की मांजर दबा धरेल. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, डासांच्या अळ्या तुमच्याकडून व्हायला नकोत.

प्रश्न: रात्री वाफे कोण उकरतंय? कॅमेरा घेणं परवडत नाही.

उत्तर: कॅमेऱ्याआधी माती वापरा. उकरलेल्या जागेशेजारी बारीक चाळलेली माती किंवा वाळू पसरा, हात फिरवून सपाट करा, संध्याकाळी थोडं पाणी शिंपडा आणि सकाळी ऊन तिरपं असताना बघा, तेव्हा ठसे उठून दिसतात. मांजर चालताना नखं आत घेते, ठशात फक्त गोल गाद्या उमटतात, कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं दिसतात. जमिनीत मोठं बीळ आणि बाहेर ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस धरून चाला. विष्ठेत फळांच्या बिया भरलेल्या दिसल्या तर उदमांजर असू शकतं, ते झाडावर चढतं, त्यामुळे वरही बघा. आणि ठशाचा फोटो पाठवताना शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवाच, मागच्या वेळी आलेल्या फोटोंवरून मांजर की वाघ हेच कळेना.