वाचक विचारतात : रेड डॉटचे स्क्रू ढिले का पडतात?

प्रश्न : काका, माझ्याकडे स्प्रिंगचं ०.१७७ इंची एअर पिस्तूल आहे. परड्यात गडग्यावर कागद लावून सराव करतो. रेड डॉट साइट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन) बसवली, पण थोडे दिवस गेले की नेम सरकतो, स्क्रू हाताला ढिले लागतात. मित्राने बोटीच्या इंजिनाला वापरतात ते लाल लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव) दिलंय. लावू का? की नेलपॉलिश पुरे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : लाल लावू नका. बाटली मित्राला परत द्या, त्याच्या बोटीला ती लागेल. मी मिरकरवाड्याला इंजिनांची कामं करतो. तिथे स्टड एकदा बसला की बसला, म्हणून लाल. तो सोडवायचा तर साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. इंजिनाच्या ब्लॉकला ती आंच चालते. तुमच्या साइटमध्ये काच आहे, सर्किट आहे आणि स्क्रू बहुधा एम३, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा. जोर लावाल तर अ‍ॅलन कीचं भोक गोल होईल, स्क्रू मात्र तिथेच राहील.

तुम्हाला हवं जांभळं, २२२ नंबरचं. ते बारीक स्क्रूंसाठीच असतं. नाही मिळालं तर निळं, २४३. तेही साध्या हत्याराने सुटतं. विकत घेताना बाटलीच्या रंगावर जाऊ नका, नंबर वाचा.

पण लॉकटाइट नंतर. आधी नक्की काय सरकतंय ते शोधा. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा धक्का दोन्हीकडे बसतो, आधी मागे आणि पिस्टन पुढे आदळला की पुढे. त्यात कधी साइटचे स्क्रू सुटतात, तर कधी साइट ज्यावर बसते तो सगळा माउंटच पिस्तुलावरच्या खाचेतून घसरतो. माउंट आणि पिस्तूल यांवरून पेनाने एक बारीक आडवी रेघ ओढा. सरावानंतर रेघ तुटलेली दिसली तर दोष माउंटच्या पकडीत आहे. तिथे साइटच्या स्क्रूला काहीही लावून उपयोग नाही.

स्क्रूच सुटत असतील तर पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते काढा. नव्या स्क्रूवरही तेलाचा पातळ हात असतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, स्क्रूचे आटे आणि भोकातले आटे दोन्ही पुसा, वाळू द्या. मग आट्यांच्या टोकाकडे एकच छोटा थेंब. जास्त लावलंत तर ते भोकातून खाली उतरतं, काचेवर किंवा पिस्तुलाच्या हलत्या भागात जातं. बॅटरीच्या झाकणाला अजिबात लावू नका. भोक प्लास्टिकमध्ये असेल तर हा नादच सोडा: काही प्लास्टिकला यामुळे तडे जातात.

स्क्रू किती जोराने आवळायचा त्याचा साइटच्या कागदावर दिलेला आकडा पाळा. पिस्तुलाच्या छोट्या साइटना बऱ्याचदा १२ ते १५ इंच-पाउंड सांगतात, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या आसपास. मनगटाचा जोर लावायचं हे काम नाही, बोटांनी हलकेच. मग चोवीस तास हात लावू नका. हे द्रव हवेत सुकत नाही. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतं. स्टेनलेसवर आणि अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर त्याला वेळ लागतो, म्हणून घाई नको. नेम दुसऱ्या दिवशी जुळवा.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला लॉकटाइटचा आणखी एक फायदा आहे आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या माउंटमध्ये पोलादी स्क्रू आणि वर खारं वारं, म्हणजे आट्यांत पांढरी भुकटी धरते. पावसाळ्यात तसंच राहिलं तर गणपतीनंतर स्क्रू निघता निघत नाही. लॉकटाइट आट्यांमधली फट भरतं, खारी ओल आत शिरू देत नाही.

नेलपॉलिश खुणेला छान. स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत एक ठिपका लावा, सुटतोय का ते लांबूनही कळेल.

स्पर्धेचा विचार असेल तर उघड्या, बिनकाचेच्या साइटवरही हात बसवा. दहा मीटर एअर पिस्तुलात आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार रेड डॉट चालत नाही. आणि गडग्यावर थेट मारू नका, चिऱ्यावरून छर्रा उलटा येतो. मागे रेतीने भरलेली गोणी ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.