निकाल लागेपर्यंत जगणं रोखून धरू नकोस

प्रिय बेटा,

जय ख्रिस्त. तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिलास त्याचं वाईट वाटलं, पण त्यावर मी काही लिहीत नाही, 'होईल रे पुढच्या वेळी' म्हणणारे तुझ्याकडे भरपूर आहेत. मला टोचलं ते त्याच्या खालचं. पाळकसाहेबांनी संदेशात सांगितलं की कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहा, आणि तू विचारतोयस की मग परत फॉर्म भरणं म्हणजे देवाकडे कुरकुर करणं का, आणि सोडून दिलं तर तो विश्वास की पळपुटेपणा. आणि त्याच मेसेजमध्ये जाता जाता लिहून गेलास की गिटार विकली, दोन नाताळ घरी गेला नाहीस, चर्चला जाणं बंद कारण बाहेर पडताना कोणीतरी निकालाचं विचारतंच, आणि शेवटी 'एकदा पोस्ट निघाली की सगळं करू मावशी'.

फॉर्म भर नाहीतर नको भरू, ते तुझं तू ठरव. त्यात मी देवाची इच्छा सांगणारी कोण. पण पोस्ट निघेपर्यंत जगणं रोखून धरू नकोस. मी एवढंच सांगणार आहे, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय तुला पाठ आहे, तरुण संघाच्या टीशर्टवर तेरावं वचन छापलं होतंत ना, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो. तेराच्या आधीचं अकरा आणि बारा कोणी छापत नाही. तिथे पौल म्हणतो की कसंही असलं तरी समाधानात राहायला मी शिकलो, पोटभर असताना आणि उपाशी असतानाही. हे तो कुठे बसून लिहितोय? कैदेत. निकाल काय लागेल माहीत नाही, सुटका की मरण, हे तो पहिल्याच अध्यायात सरळ लिहितो. आणि तोपर्यंत काय करतोय? पहारेकऱ्यांशी बोलतोय, तिथल्या सगळ्यांना कळलंय की हा ख्रिस्तासाठी बेड्यांत आहे. मंडळीतल्या दोन बायांचं पटत नाही तर त्यांची नावं घेऊन, एक व्हा म्हणून विनवतोय. त्याचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला, तर तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं हेसुद्धा लिहितोय. म्हणजे समाधानी माणसाला रडू येत नाही असं काही नाही, हे तुझ्या त्या हॉस्टेलवाल्या भावाला सांग जो तुला म्हणाला की निराश होणं पाप आहे.

आणि बघ, पौल मागतोसुद्धा. आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो की त्रोवस गावात राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच, आणि हिवाळ्याआधी ये. थंडी वाजते म्हणून झगा मागितला की समाधान गेलं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? झगा मागायचा, आणि तो येईपर्यंत पत्र लिहायचं थांबवायचं नाही. इतकं साधं आहे हे. तू मात्र झगा येईपर्यंत सगळंच बंद करून बसलायस.

दुसरं, तुझ्या स्टेटसला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 असतं. आमच्याकडेही निम्म्या घरांत ते फ्रेम करून लावलेलं आहे, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत वगैरे. एकदा दहावं वचनही वाच, तिथे सत्तर वर्षं लिहिलंय. बाबेलात धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने लिहिलेलं ते पत्र आहे, आणि त्याच सुमारास यरुशलेमेत हनन्या नावाचा एक संदेष्टा छाती ठोकून सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. (पुण्यात असता तर क्लास काढला असता त्याने.) यिर्मयाचं म्हणणं असं की घरं बांधा, राहा, बागा लावा, फळं खा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा. परत जाणार आहात, पण तोपर्यंत बोचकं बांधून दारात बसू नका. तुझ्यासाठी ते शहर म्हणजे सदाशिव पेठेतली ती कॉट बेसिसची खोली, ती मेस, ती अभ्यासिका. तिथे शेजारी बसणाऱ्या मुलाचं गाव तुला माहीत आहे का? मेसवाल्या काकूंचं नाव? मी विचारलं होतं मागे तर म्हणालास वेळ नाही. रोखून धरू नकोस म्हणते ते हे.

आता तू म्हणशील मावशीला काय जातंय बोलायला, पेन्शन खाऊन बसलीय. पेन्शन नाही बेटा. मी ज्या हॉस्पिटलात आयुष्य घातलं त्यांनी रिटायर होताना शाल दिली आणि वचन लिहिलेली फ्रेम दिली, ग्रॅच्युइटी दिली नाही. तेव्हा कायदा 1972 चा होता, पाच वर्षं सलग नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, शेवटचा पगार भागिले सव्वीस गुणिले पंधरा, असा हिशोब, मला झोपेतही पाठ आहे. मी मागितली तर म्हणाले सिस्टर, ही सेवा होती, नोकरी नव्हे. मंडळीतले एक वडीलधारे घरी येऊन चहा पिऊन मला हाच चौथा अध्याय वाचून दाखवून गेले, समाधानी राहा म्हणून.

मी अर्ज केला. लेबर ऑफिसच्या जिन्यावर किती तारखा बसले त्याचा हिशोब मी ठेवला नाही. लोक म्हणाले हिचा विश्वास ढळला, प्रभूच्या कामाला कोर्टात खेचते, आजही काहीजण प्रभुभोजनाच्या रांगेत माझ्यापासून दोन माणसं सोडून उभे राहतात, राहू देत. मी त्यांना एकच विचारते, त्याच फिलिप्पैत पौल आणि त्याचा सोबती सीला यांचं काय झालं? फटके खाल्ले, खोड्यात पाय, मध्यरात्री गाणी गायली, हे सगळ्यांना आवडतं, त्याच्यावर संदेश होतात. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की जा आता गुपचूप. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता चोरून बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले, विनवण्या करत आले. रात्री गाणारा आणि सकाळी ठाम उभा राहणारा माणूस एकच आहे रे. यावर संदेश का होत नाही, मला कोणी सांगावं.

तुझ्या वडिलांच्या त्या जातीच्या दाखल्याच्या गोष्टीतही हेच आहे. अनुसूचित जातींत कोण येतं ते सांगणाऱ्या 1950 च्या आदेशातला तो तिसरा परिच्छेद, आधी फक्त हिंदू, मग 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध जोडले गेले, ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच. वस्ती तीच, विहिरीवरची वागणूक तीच, पण कागदावर जात गेली. तुझे वडील त्या मोर्चांना जातात आणि रविवारी दान थैली फिरवतात, त्यांना कधी चिडचिडं पाहिलंयस? मी नाही पाहिलं. त्यांचं समाधान सरकारच्या कागदावर अवलंबून नाही म्हणूनच ते इतकी वर्षं त्या कागदासाठी भांडू शकतात. जो निकालावरच जगतो तो दोन तारखांत थकतो.

माझी तारखांची वर्षं मी कशी काढली? संडे स्कूल घेतली. वाडीतल्या बायांची शुगर-बीपी बघितली, फुकट. शेवग्याचं झाड लावलं, शेजारी भाजीला शेंगा नेतात. पैसे मिळाले शेवटी, व्याजासकट, तेव्हा यांना जाऊन वर्ष झालं होतं, ते चेकचा कागद बघायला हवे होते असं वाटतं, अजून वाटतं. पण पैसे मिळाल्यावर सुरू करायचं असं काही शिल्लक नव्हतं माझ्याकडे. माझं सगळं चालूच होतं. मी हट्टी आहे म्हणतात, बरं, आहे.

आणि भरपूर मिळालं की आपोआप जमेल असंही समजू नकोस. आपल्या खराडीवाल्या दादाला बघ, फ्लॅट आहे, गाडी आहे, परवा तासभर मला प्रमोशनचं रडगाणं ऐकवलं. पोटभर असताना कसं राहायचं हेही पौलाला शिकावंच लागलं होतं. आज कॉटवर शिकला नाहीस तर उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत कोण शिकवणार?

पंडिता रमाबाईंचं सांगते आणि थांबते. आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तो नवरा गेला, म्हातारपणी कान गेले, आणि 1921 ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक, जिच्या हाती केडगावचं मुक्ती मिशन सोपवायचं होतं. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. आता सगळं संपलं म्हणायला त्यांच्याइतकं कारण कोणाकडे होतं?

तर ऐक. ह्या रविवारी पुण्यात कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बस, मागच्या बाकावर बसलास तरी चालेल. कोणी निकालाचं विचारलं तर सांग राहिलो, पुढे बोल. नाताळच्या आधी चार दिवस घरी ये, कॅरलला टेनर कमी पडतायत आणि तुझी आई यंदा करंज्या करायच्या नाहीत म्हणतेय, तूच येऊन सांग तिला. गिटार कोणाला विकलीस ते कळव, परत देतो का विचारू, थोडे पैसे मी देईन, उसने. आणि फॉर्म भरायचा ठरवलास तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस, ती साईट दरवेळी बसते.

तुझी मावशी