आम्ही कचरा वेगळा करतो, तो गाडीत पुन्हा एक होतो

वाचकांचे प्रश्न । उत्तरे : नगरपालिकेच्या निवृत्त आरोग्य निरीक्षक

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. आमची मुलं वर्षभर ओला-सुका कचरा वेगळा करतात, पण घंटागाडी आली की दोन्ही बादल्या एकाच ट्रॉलीत रिकाम्या होतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग आपण वेगळा करायचाच कशाला?" शाळेमागे खतासाठी खड्डा केला होता. वास सुटला, अळ्या झाल्या, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि तो बुजवावा लागला. आता काय करू?

उत्तर : ताई, त्या मुलीला सांगा की तिचा प्रश्न रास्त आहे. तिने मन लावून केलेलं काम मोठी माणसं तिच्या डोळ्यांदेखत मातीत घालतात, याचा मला फार राग येतो. तरी गाडीवरच्या कामगाराशी भांडू नका. नोकरीत मी त्या गाड्यांच्या बाजूने उभी होते. ट्रॉलीला एकच कप्पा असेल तर त्याने दुसरी बादली ओतायची कुठे?

माझं सांगणं एवढंच आहे : ओला कचरा शाळेच्या फाटकाबाहेर जाऊच देऊ नका. कागद, पुठ्ठा, बाटल्या महिनाभर पोत्यात राहिल्या तरी कुजत नाहीत. गाडीत ते खराब होतात ते ओल्यात माखतात म्हणून. शाळेचा ओला कचरा आवारातच जिरला की गाडीला द्यायला सुकाच उरेल, आणि त्यातलाही विकण्याजोगा माल भंगारवाला घेऊन जाईल. यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको.

आता खड्ड्याविषयी. वास आला म्हणजे आत हवा नव्हती. पोषण आहाराची उरलेली खिचडी, भाजीची देठं, सालं असा ओला माल एकावर एक पडत गेला की तो बसतो, चिकट होतो आणि सडतो. खत होण्यासाठी हवा खेळती हवी आणि ओल्याला सुक्याची जोड हवी. एक बादली ओला कचरा पडला की वर दोन-तीन बादल्या वाळलेला पालापाचोळा पडलाच पाहिजे. तुमच्या आवारात कडुनिंब असेल, आणि त्याच्या पाल्याला झाडून झाल्यावर काडी लावत असतील, तर ती आजच थांबवा. तो पाला पोत्यांत भरून ठेवा. तुमच्या खताचं अर्धं भांडवल तेच आहे.

खड्डा नकोच. जमिनीवर विटांची टाकी बांधा, भिंतीत मध्येमध्ये विटेएवढी भोकं ठेवून. पुसदचे शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली हीच ती नाडेप टाकी. शेतावरची टाकी साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते, शाळेला तिच्या निम्मीही पुरते. तळाला काटक्या अंथरा, त्यावर पाला, मग ओला थर, पुन्हा पाला, आणि वरून थोडा शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडा. ओल बघायची ती मुठीने. आतला मूठभर माल घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी शिंपडा. चांगला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो. लोखंडी सळई मधोमध खुपसून काही वेळाने बाहेर काढा आणि मुलांना तिला न शिवता जवळ हात नेऊन ऊब बघू द्या. विज्ञानाचा तास तिथेच होतो.

अळ्या करड्या, चपट्या, जाडसर असतील तर त्या बहुतेक सैनिक माशीच्या. त्या चावत नाहीत आणि अन्न झपाट्याने संपवतात. पांढऱ्या, बारीक अळ्या घरमाशीच्या. त्या दिसल्या की समजा, पाला कमी पडला.

खिचडी मुळात उरते का, हेही बघा. पहिल्यांदा थोडं वाढायचं, हवं त्याने पुन्हा घ्यायचं, एवढं स्वयंपाकाच्या ताईंशी बोलून ठरवा. ताटात टाकलेलं अन्न आठवडाभर स्प्रिंगच्या काट्यावर तोला, वजनं वहीत लिहा आणि पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर आलेख काढू द्या. घोषवाक्यांच्या स्पर्धेपेक्षा मला हे शंभरपट मोलाचं वाटतं.

मग जा नगरपंचायतीत, पण ती वजनांची वही घेऊन. घनकचरा नियमांनी वेगळा कचरा देण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली, तशी तो वेगळाच गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. पत्र एकट्या बाईंचं नको, शाळा व्यवस्थापन समितीचं हवं. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि पालक म्हणजे मतदार. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, आवक क्रमांक घ्या. मागणी एकच ठेवा : ट्रॉलीत मध्ये पत्र्याचा पडदा. गावातला वेल्डिंगवाला ते काम करून देतो. दहा मागण्या केल्या की दहाही फायलीत राहतात.

लहान गावाला हे झेपत नाही, असं कुणी म्हणालं तर वेंगुर्ल्याचं नाव घ्या. गाव जेमतेम बारा हजार वस्तीचं. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने कचरा घराघरांतूनच वेगवेगळा उचलला आणि जुन्या डंपिंगच्या जागेचं असं रूप पालटलं की माणसं ती जागा बघायला जाऊ लागली. जमलं तर तुमच्या नगरसेवकांची एक सहल तिकडे न्या.

प्रश्न : 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या शाळेच्या टाकीत चालतील का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नको. त्या पिशव्यांची चाचणी मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेला धरून असते. शाळेच्या लहान टाकीत तेवढी उष्णता सलग टिकत नाही, त्यामुळे त्यांचे तुकडे खतात तसेच सापडतात. कचरा पिशवीतून टाकीत मोकळा ओता आणि बादलीच्या तळाला जुनं वर्तमानपत्र घाला. ते कचऱ्याबरोबर टाकीत गेलं तरी चालतं.