केमिकल इंजिनिअर वडिलांच्या जुन्या कागदांचं काय करावं?

वडिलांच्या दोन ट्रंका कागद आहेत, घर रिकामं करायचंय, त्यात ठेवण्यासारखं काय असेल, असं तुम्ही विचारलंय. कळकळीने सांगते, रद्दीवाल्याला आत्ताच बोलावू नका.

माझे बाबा माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकले (१९३३ साली सुरू झालेली, रसायन तंत्रज्ञान शिकवणारी ही संस्था म्हणजे आताची आयसीटी) आणि पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. ते गेल्यावर मी पदवी, नेमणुकीची आणि बढतीची पत्रं जपून ठेवली आणि शिफ्टच्या वह्या निम्म्या रद्दीत घातल्या. ते अजून सलतं.

कारण बाबा खरे सापडले ते उरलेल्या वह्यांत. १९८५च्या सुरुवातीचं एक पान आहे, तेलकट बोटाचा ठसा उमटलेलं: ‘फ्लेअरची लाइन स्वतः चालत जाऊन बघणे. चिलर कोणी, कधी, कोणाला विचारून बंद केला?’ डिसेंबर १९८४मध्ये भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा तिथे टाकी थंड ठेवणारी यंत्रणा, म्हणजे चिलर, काही महिने आधीच बंद केलेली होती आणि फ्लेअरकडे, म्हणजे सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे, जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. ते वाचून एक इंजिनिअर आपल्या प्लँटमध्ये काय तपासत फिरला, हे बाबांच्या त्या पानावरच आहे.

कागद ज्या क्रमाने आहेत तसेच राहू द्या, तारखेवार लावत बसू नका. कशाला काय जोडून ठेवलंय यालाही अर्थ असतो. गंजलेल्या पिना अलगद काढा. लॅमिनेशन अजिबात नको. अमोनिया प्रिंट (ड्रॉइंग्जच्या जुन्या पद्धतीच्या प्रती) उजेडात उडतात आणि जुने फॅक्स तर आपोआप कोरे होतात, त्यांचे फोटो आधी काढा. कंपनीची ड्रॉइंग्ज किंवा प्रक्रियेचे तपशील असतील तर ते वेगळे ठेवा, कंपनीला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका. पुढे संस्थेकडे सोपवायचं ठरलं तर बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत २०१९ पासून विज्ञानाच्या इतिहासाचं अभिलेखागार आहे; तिथे विचारता येईल.

आणि वडिलांचे जुने सहकारी हयात असतील तर त्यांना याच आठवड्यात भेटा. बाबांच्या वहीत जागोजागी ‘आर-३ पुन्हा रडतोय’ असं लिहिलं होतं. मला वाटायचं, कुणी कामगार असेल. त्यांच्याबरोबर शिफ्ट केलेल्या एका काकांनी सांगितलं, तीन नंबरच्या रिअॅक्टरचं सील गळायचं.