नोटीस काढण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर सहावी-सातवीची हजेरी ढासळते, दोन शिक्षक पालकभेटी करत नाहीत, म्हणून त्यांना नोटीस द्यायचं तुझ्या मनात आहे, असं तू लिहिलंस. नोटीस थांबव. बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळा दरवर्षी याच महिन्यांत ओस पडतात. मुख्याध्यापक बदलले, शिक्षकांच्या बदल्या झाल्या, तरी हे चालूच आहे. मग दोष त्या दोघांच्या माथी कसा मारायचा?

त्यापेक्षा एक कोरा कागद घे आणि कशातून काय होतं, त्याचे बाण काढ. पावसाळ्यात ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. धाकट्याला सांभाळायला थोरली सोबत जाते. मार्च-एप्रिलमध्ये ती परतते, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. जूनमध्ये तिला वरच्या वर्गात बसवतात. धडा वाचता येत नाही, म्हणून जुलैपासूनच दांड्या सुरू होतात. आई म्हणते, 'शाळेत तरी कुठं काय शिकतीय, मग हितं ठिवून काय करू?' आणि मुलगी पुन्हा उसाच्या फडावर. शेवटचा बाण फिरून पहिल्यापाशी आला, बघ. सिस्टीम्स थिंकिंग म्हणतात ते हेच: सुटी घटना न बघता तिला पोसणारं चक्र शोधायचं.

आता यातला कुठला बाण तुझ्या हातात आहे? उचल नाही, उसाचा भावही नाही. पण परत आलेल्या मुलीला वाचता न येणं, हे शाळेच्या हातातलं आहे. एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना इयत्तेप्रमाणे बसवू नकोस. कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण परिच्छेदावर आहे ते पाहून गट कर आणि तुझ्याकडचा सगळ्यात चांगला शिक्षक त्यांना दे. सगळ्यात चांगला शिक्षक स्कॉलरशिपच्या वर्गालाच द्यायची आपल्याकडची रीत मला कधीच पटली नाही.

दुसरा बाण हंगामी वसतिगृहाचा. मूल गावातच आजीजवळ राहतं आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या जेवणाची सोय होते. पण टोळी निघाल्यावर प्रस्ताव पाठवून काय उपयोग? ऑगस्टमध्येच समितीची बैठक लाव. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कुणाच्या घरी आजी आहे, कुणाची उचल झाली, हे त्या बायांना तुझ्याआधी माहीत असतं. त्यांना सहीपुरतं बोलावू नकोस, बोलू दे.

आणि एक गोष्ट जिवाच्या कळकळीने सांगतो. फडावर गेलेल्या मुलाला हजेरीपटावर 'हजर' दाखवू देऊ नकोस. वरून हजेरी वाढवा म्हणून दट्ट्या येतो, पद जाईल अशी भीती असते, आणि पेन हळूच घसरतं. पण जे मूल कागदावर हजर, ते वसतिगृहाच्या यादीत येणार कसं? ते गेलं हेच कुणाला कळत नाही, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते शिक्षण हमी कार्ड त्याला मिळत नाही आणि फडाजवळच्या शाळेला त्याचा पत्ताही लागत नाही. खोट्या हजेरीने व्यवस्थेचे डोळेच बांधले जातात, आणि त्याची किंमत ते मूल मोजतं. पदाच्या भीतीचं म्हणशील तर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ती 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते. टोळ्या त्यानंतर निघतात. हे शिक्षकांना नीट समजावून सांग, त्यांच्या मनावरचं अर्धं ओझं उतरेल.

या सगळ्याचा परिणाम पहिल्या हंगामात दिसायचा नाही. यंदा वाचायला लागलेली मुलगी मागे ठेवायची की नाही, हे तिची आई पुढच्या दसऱ्याला ठरवणार. मधल्या काळात केंद्रप्रमुख आकडे मागतील, एखादा नवा उपक्रम येईल, आणि हातातलं काम अर्ध्यावर सोडावंसं वाटेल. सोडू नकोस. हजेरीच्या आकड्यासोबत दर महिन्याला आणखी एक आकडा ठेव: परत आलेल्यांपैकी किती मुलं परिच्छेद वाचतात. केंद्रप्रमुखांना दोन्ही दाखव.

त्या दोन शिक्षकांना नोटिशीऐवजी हा बाणांचा कागद दे आणि विचार, 'यात माझं काय राहिलं?' रोज वर्गात उभे राहणारे ते आहेत. तुला न सुचलेला एखादा बाण ते नक्की काढतील. त्यांनी भर घातलेला कागद मला पाठव. ऑगस्टच्या बैठकीआधी आपण तो एकत्र बसून पाहू.

तुझा,
गुरुजी