बार्ड व्हायला पूर्वी खरंच एवढं लागायचं का?

प्रश्न: ताई, आमचा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन (म्हणजे बरेच दिवस चालणारी सलग गोष्ट) सुरू करतोय आणि मी बार्ड, म्हणजे गाणं आणि जादू करणारा भाट, घेतोय. ग्रुपमधला एक सीनियर दादा म्हणतो, पूर्वी बार्ड व्हायला अर्धं कॅम्पेन जायचं, आता कोणीही उठतो आणि पहिल्या लेव्हललाच बार्ड होतो, म्हणून या क्लासची, म्हणजे पात्राच्या प्रकाराची, किंमतच गेली. खरंय का? आणि नियम 2014 चे घ्यावेत की 2024 चे? – एक वाचक, पुणे

उत्तर: दादा पूर्वीचं सांगतोय ते खरंय, पण किंमत गेली हे मला अजिबात पटत नाही.

1974 च्या मूळ गेममध्ये बार्ड नव्हताच, तो 1976 ला हा गेम काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या मासिकात आला. दादा म्हणतो ती भानगड 1978 च्या प्लेयर्स हँडबुक या नियमांच्या पुस्तकातली, तेही पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात! आधी फायटर म्हणून निदान पाचवी लेव्हल गाठायची, मग ते सोडून थीफ व्हायचं, तिथेही पाचेक लेव्हल काढायच्या आणि मग ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पुरोहितांकडे शिकायला जायचं, तेव्हा कुठे बार्ड. वर स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), विस्डम (शहाणपण), करिष्मा (छाप) हे फासे टाकून ठरणारे चारही गुण निदान 15 हवेत. तीन फाशांची बेरीज 15 किंवा जास्त 216 पैकी फक्त 20 वेळा येते, आणि इथे चार ठिकाणी हवी! म्हणजे बहुतेकांनी बार्ड नुसता वाचलाच, खेळला नाही. ज्या क्लासपर्यंत टेबलावरचं कोणी पोचतच नाही त्याची किंमत कशात मोजायची?

1989 ला सेकंड एडिशनने त्याला पहिल्या लेव्हलपासून खेळता येईल असं केलं, थीफसोबत ‘रोग’ (rogue, म्हणजे लबाड-भुरटे) गटात बसवलं आणि विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, स्पेल दिले. 2000 च्या थर्ड एडिशनमध्ये त्याची स्वतःची स्पेल लिस्ट आली, करिष्मावर चालणारी, पण सहाव्या लेव्हलच्या स्पेलला गाडी थांबायची (स्पेलची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी). मला त्या काळच्या बार्डचं फार वाईट वाटतं कारण थोडी तलवार, थोडी जादू, थोडं कुलूप उघडणं असं सगळंच थोडं थोडं, आणि प्रत्येक कामात पार्टीत त्याच्यापेक्षा भारी कोणीतरी असायचंच. त्याचं गाणं मात्र खरं कामाचं, सगळ्या पार्टीला अटॅक आणि डॅमेजवर +1 मिळायचा. फोर्थ एडिशनला हे कळलं, 2009 च्या प्लेयर्स हँडबुक 2 मध्ये तो थेट लीडर म्हणून आला, म्हणजे बाकीच्यांना उभं ठेवणं हेच त्याचं मेन काम.

2014 ला, फिफ्थ एडिशनमध्ये, तो विझार्ड-क्लेरिकसारखा नवव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल टाकणारा झाला आणि बार्डिक इन्स्पिरेशनचा फासा आला, सुरुवातीला सहा बाजूंचा, पंधराव्या लेव्हलला बारा बाजूंचा. तो फासा तू दुसऱ्याला देतोस आणि त्याच्या रोलमध्ये तो मिळवला जातो, म्हणून टेबलावर सगळे तुझ्याकडे बघत बसतात, हे मला या क्लासमधलं सगळ्यात जास्त आवडतं.

तुझ्यासाठी मी 2024 चेच नियम सांगेन. 2014 मध्ये डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) निकाल सांगायच्या आधीच फासा वापरायचा की नाही ठरवावं लागतं, त्यामुळे तो बऱ्याचदा वाया जातो, तर 2024 मध्ये रोल फेल झाल्यावर वापरायचा आणि तोवर एक तास राहतो, आधी दहाच मिनिटं राहायचा. फक्त सगळा ग्रुप एकाच पुस्तकावर खेळतोय ना ते डीएमला आधी विचारून घे आणि करिष्मा 16 च्या खाली ठेवू नकोस, कारण फासे किती वेळा देता येतील ते त्यावरच ठरतं.